चौकटीतली पिवळी टोपी

शाळेत कॅमेरे बसले आणि माझी लायब्ररी सकाळची बंद झाली. या दोन गोष्टींचा पुढे एवढा संबंध येईल असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

शेजारच्या तालुक्यात एक मूल शाळेच्या फाटकातून नाहीसं झालं आणि संध्याकाळी बसस्टँडवर रडताना सापडलं. त्यानंतर इथे, तेलंगणातल्या आमच्या हनमकोंड्यात, पालकांनी सभा घेतली, आवाज चढले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत फाटकावर, जिन्यांत, वर्गांबाहेरच्या व्हरांड्यांत कॅमेरे लागले. प्रत्येकाला माइकही होता. फाटकावरचा कॅमेरा मुलांचे चेहरे ओळखून आपोआप हजेरी लावायचा. कुठे आरडाओरडा झाला की त्या जागेच्या पडद्याखाली लाल दिवा लुकलुकायचा. आणि फाटकातून आत शिरणारा चेहरा यंत्राला ओळखता आला नाही, तर त्याच्याभोवती पांढरी चौकट उमटायची. मग पडद्यासमोर बसलेल्या माणसानं नीट बघायचं आणि बटण दाबायचं. हिरवं म्हणजे आपला, लाल म्हणजे परका. हिरवं दाबून आत घेतलेल्या मुलांची हजेरी मग वर्गशिक्षिका हातानं भरायच्या.

पडद्यासमोरचा तो माणूस म्हणजे मी.

"मॅडम, मला यंत्रातलं काही कळत नाही," असं मी आमच्या प्राचार्या सुकन्या मॅडमना सांगून पाहिलं होतं.

"यंत्रातलं फणींद्र बघेल. मला डोळे हवेत, भरवशाचे. तुम्ही एका जागी तासन्‌तास बसता. बडबड करत नाही. सारखे चहाला उठत नाही. तुमच्यासारखा माणूस मला दुसरा कुठे मिळणार?"

हे कौतुक होतं की आणखी काही, ते मला ठरवता आलं नाही. ठरवेपर्यंत किल्ली माझ्या हातात होती. सरकारी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर या शाळेनं मला लायब्ररीत बसायला जागा दिली, त्या उपकाराखाली मी नाही म्हणू शकलो नाही. लायब्ररी दुपारनंतर उघडायची असं ठरलं. सकाळी मी वरच्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या थंडगार खोलीत, सोळा चौकोनांसमोर.

मला त्या कामाची धास्ती होती. पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तर फार तर एखादा मुलगा हिरमुसतो. इथे चुकलो तर काय, हा विचार मी रोज जिना चढताना करायचो.

आणखी एक गोष्ट बदलली होती. वर्गात नावं पुकारून हजेरी घेणं थांबलं. यंत्र फाटकावरच हजेरी लावतं, मग पुन्हा वेळ कशाला घालवायचा? पूर्वी सकाळी वर्गावर्गातून "प्रेझेंट मॅडम, प्रेझेंट मॅडम" असे बारीक-मोठे आवाज यायचे, ते गेले.

त्या बुधवारी मुलं खेळाच्या कपड्यांत होती. पांढरी पँट, पांढरा टी-शर्ट, मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखंच. बुधवारी टोपीही चालते. त्यामुळे बुधवारी यंत्र फार गोंधळायचं आणि पांढऱ्या चौकटींची नुसती रांग लागायची. एकाचा नवा चष्मा, एकीच्या गालावर गालगुंडाची सूज, एकानं तोंडात केळ्याचा मोठा तुकडा कोंबलेला. मी बघत होतो, हिरवं बटण दाबत होतो. एक लहानसं मूल आलं, पिवळी टोपी थेट भुवयांपर्यंत ओढलेली, मान खाली. पहिली-दुसरीतला कुणी मुलगा असेल. गणवेश आपला, दप्तर आपलं. हिरवं.

साडेनऊच्या सुमाराला मॅडमचा फोन वर आला.

"मास्तर, तिसरीतली लास्या. यंत्रानं गैरहजर दाखवलीय. आईला तसा मेसेज गेला. आई म्हणते, मी स्वतः तिला ऑटोत बसवली. बघा बरं जरा."

लास्या. लास्याला मी चांगला ओळखत होतो. दोन घट्ट वेण्या वर दुमडून लाल रिबिनी बांधलेली, वाचताना ओठ हलवणारी मुलगी. कॅमेरे येण्याआधी ती रोज प्रार्थनेपूर्वी लायब्ररीत यायची. मला तातय्या म्हणायची, म्हणजे आजोबा. आणि पुस्तक परत करताना गोष्टीचा शेवट कसा असायला हवा होता तेही सांगायची.

फणींद्र शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. चाळिशीचा, कायम सुपारी चघळणारा, यंत्रावर मनापासून प्रेम करणारा माणूस. त्यानं लास्याचा शाळेतला फोटो यंत्राला दिला, दोन वेण्यांचा, रिबिनींचा. यंत्रानं सकाळचं सगळं चित्रण धुंडाळलं.

"नाही," तो म्हणाला. "आलीच नाही."

"पुन्हा एकदा बघा ना."

"मास्तरगारू, तुमचे-माझे डोळे चुकतील. हे हजार चेहऱ्यांतून एक काढतं. पोरगी फाटकातून आत आलेलीच नाही."

तरीही आम्ही स्वतः बघितलं. कोमरय्याचा ऑटो फाटकाच्या जरा अलीकडे, चिंचेखाली थांबला होता, म्हणजे कॅमेऱ्याच्या टोकाला. मुलं उतरताना दिसत नव्हती, ऑटोचं नुसतं मागचं चाक दिसत होतं. मग मुलांचा लोंढा. त्यात मी दोन वेण्या आणि लाल रिबिनी शोधत होतो. वेण्यांच्या मुली पुष्कळ होत्या. लास्या नव्हती.

मॅडम वर आल्या. तिसरीच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलं होतं की, लास्या चार दिवस रजेवर होती, आजही आली नाही, मला वाटलं रजा वाढवली असेल. मॅडमनी भोंग्यावरून सांगितलं, "इयत्ता तिसरी, लास्या वेणुमाधव, जिथे असशील तिथून ताबडतोब ऑफिसात ये. ताबडतोब." त्यांचा आवाज एरवीही करडा, त्या दिवशी चिंतेनं आणखी करडा झालेला. सगळ्या व्हरांड्यांतून तो घुमला. कुणी आलं नाही.

"म्हणजे ऑटोतून उतरलीच नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या फोन लावायला बाहेर गेल्या, आणि मला कळलं की आता पोलीस येणार.

कोमरय्या आमच्याच शाळेची मुलं बारा-पंधरा वर्षं ने-आण करतो. पोट सुटलेला, बडबड्या माणूस. प्रत्येक मुलाला त्यानं एक टोपणनाव ठेवलेलं. मला तो "पुस्तकातला किडा आला रे" म्हणून सलाम ठोकतो आणि मी काय उत्तर द्यावं याचा विचार करेपर्यंत निघून जातो. याच्याबद्दल मनात वाईट आणणं मला जमत नव्हतं. पण मी माणसं ओळखण्यात हुशार आहे असं मला कधीच वाटलेलं नाही. यंत्र म्हणत होतं ती आली नाही. आई म्हणत होती मी बसवली. मध्ये फक्त कोमरय्या होता.

फाटकाच्या पडद्यावर माणसं जमू लागली. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं असणार. स्कूटरवरून लास्याची आई स्रवंती आणि वडील वेणुमाधव आले. आईचा पदर गळ्याभोवती कसाही गुंडाळलेला. येईल त्याला ती फोनवरचा फोटो दाखवत होती. वडिलांच्या डोक्याचा गोटा केलेला, त्यावर चंदनाचा लेप वाळून पिवळट झालेला. तिरुपतीच्या डोंगरावरून आलेल्या माणसाचं डोकं. आमच्याकडे महिन्याला अशी दहा-वीस डोकी दिसतात. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझी नजर पुढे सरकली.

मग कोमरय्याचा ऑटो आला. त्याला कुणी फोन केला होता की तो आपणहून आला, ते मला माहीत नाही. तो उतरायच्या आत चार हातांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

पडद्याखाली लाल दिवा लुकलुकू लागला.

"आवाज वाढलाय फाटकावर," फणींद्र म्हणाला आणि सवयीनं तो दिवा बंद करायला गेला. "दिसतंय की आपल्याला."

"थांबा," मी म्हणालो. "मला जरा ऐकू द्या."

"काय ऐकणार? शिव्या?"

मी कानाला हेडफोन लावला.

आधी नुसता कल्लोळ. मग एकेक आवाज वेगळा होऊ लागला. वेणुमाधव ओरडत होता, "कुठे उतरवलीस? बोल! कुणाच्या हवाली केलीस?" एक बाई म्हणत होती, "माझा मुलगा रोज याच्याच ऑटोत बसतो हो!" स्रवंतीचा आवाज फाटलेला होता. ती म्हणाली, "देवासारखा भरवसा ठेवला रे तुझ्यावर. तुझ्या घरात पोरीबाळी नाहीत का? किडे पडतील तुला." आणि या सगळ्याखाली, श्वास लागलेला कोमरय्या.

"अम्मा, इथेच उतरवली. या चिंचेखाली. देवाशप्पथ. मीच चिडवलं तिला, चूक झाली माझी. गुंडू म्हणालो. गुंडू, गुंडू, टोपी काढ की, बघू दे चंद्र कसा उगवलाय. ती रागावली, माझ्याशी बोललीसुद्धा नाही, टोपी ओढली आणि..."

इथे कुणीतरी त्याच्या थोबाडीत मारली. हेडफोनमध्ये तो आवाज माझ्याच कानाखाली वाजल्यासारखा आला.

"खोटं बोलतोस! कॅमेऱ्यात नाहीये ती!"

"अहो, ऐका तरी. टोपी..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी पडद्यावरच्या वेणुमाधवच्या डोक्याकडे बघत होतो. गुंडू म्हणजे गोटा. चार दिवस रजा. डोंगर. बापानं केस दिले होते, तसे मुलीनंही दिले होते. लास्याच्या डोक्यावर वेण्या नव्हत्याच. आम्ही सगळे, मी, फणींद्र, मॅडम, यंत्र, सकाळपासून दोन वेण्या शोधत होतो. आणि आई फाटकाबाहेर जुना फोटो दाखवत होती. लेकीनं गोट्याचा फोटो काढूच दिला नसेल. शाळेला हे माहीत नाही, हे त्या बिचारीच्या डोक्यात तरी कसं येणार? तिच्या घरात तर चार दिवस बाप-लेकीची डोकी तशीच होती.

मला लगेच बोलायला हवं होतं. पण मनात आलं, समजा मी चुकत असलो तर? माझ्यामुळे सगळे शाळेत शोधत बसले आणि मूल भलतीकडेच असलं तर? तो एक श्वास मी घेतला, तेवढ्यात पडद्यावर कोमरय्या खाली बसला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले होते.

"फणींद्र," मी म्हणालो, "पिवळी टोपी शोधा. सकाळी फाटकावर. मी हिरवं बटण दाबलं होतं."

"कसली टोपी?"

"लास्याचा गोटा केलाय. तिरुपतीला. ती टोपी घालून आली. मी तिला आत घेतली."

तो माझ्याकडे बघत राहिला. सुपारी चघळायची थांबली. मग त्याची बोटं भराभरा चालू लागली. पिवळी टोपी सापडली, पांढऱ्या चौकटीत, मान खाली. चित्र मोठं केल्यावर हनुवटी दिसली, आणि हनुवटीवरचा तीळ. लास्याच.

"आत आहे," फणींद्र कुजबुजला. "अरे देवा, पोरगी आतच आहे."

पुढचं आम्ही पडद्यापडद्यांवरून जोडत गेलो. टोपी वर्गाकडे गेली नाही. ती भिंतीच्या कडेनं लायब्ररीकडे गेली. दाराची कडी तिनं हलवली. पुन्हा हलवली. कुलूप बघितलं. दप्तरातून कागदाची एक पुडी काढली, हातात धरली, आणि पायरीवर बसली. मुलं जवळून गेली की ती टोपी आणखी खाली ओढायची. प्रार्थनेची घंटा झाली. ती उठली, इकडेतिकडे बघितलं आणि डावीकडे वळली. तिथे चित्र संपलं.

डावीकडे कुचिपुडी नाचाची खोली आहे. मुली तिथे कपडे बदलतात, म्हणून त्या बाजूला कॅमेरा लावलेला नाही, तो योग्यच निर्णय होता. पण त्या खोलीच्या मागे जमिनीतली पाण्याची टाकी आहे. आणि त्या आठवड्यात टाकीचं काम चाललं होतं.

मी फणींद्रला म्हणालो, "मॅडमना सांगा. फाटकावर सांगा. आधी फाटकावर." आणि जिना उतरलो. माझ्या वयाला धावणं शोभत नाही आणि जमतही नाही. मी कठड्याला धरून, जमेल तसा खाली आलो.

टाकीचं लोखंडी झाकण अर्धं सरकलेलं होतं. त्याच्यापासून हातभर अंतरावर मातीत पिवळी टोपी पडली होती.

ते बघून मला काय वाटलं ते लिहायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला, जमलं नाही. एवढंच आठवतं की मी गुडघ्यांवर बसलो आणि काळ्या पाण्यात वाकून बघू लागलो. पाण्यात माझंच डोकं दिसत होतं. मी तिचं नाव घेतलं. आवाज टाकीत फिरून परत आला. मागून आमचा वॉचमन ऐलय्या लांब बांबू घेऊन धावत आला.

"बाजूला व्हा सर, पडाल!" त्यानं बांबू आत सोडला आणि तळ चाचपू लागला. "इथे नाही... इथेही नाही..." तो स्वतःशीच म्हणत होता.

तेवढ्यात मला घुंगरू वाजल्यासारखं वाटलं. एकदाच.

माझ्या कानांवर माझा विश्वास नव्हता. गेले काही महिने हेडफोन लावून लावून नसलेलेही आवाज यायचे. पण मी ऐलय्याचा हात धरला. "जरा थांबा. काही वाजलं का?"

"मला नाही ऐकू आलं."

मी कुचिपुडीच्या खोलीच्या दाराशी गेलो. दार ढकललं. आतून कडी.

"लास्या?"

मी दारावर हलकेच बोटं वाजवली.

"लास्या, मी आहे. लायब्ररीतला."

मग अगदी दाराला लागून आवाज आला, "तातय्या, तिथे आणखी कोण आहे?"

मी दाराला टेकून खालीच बसलो. ऐलय्यानं बांबू टाकून दिला आणि तोंडावर पंचा दाबून तो फाटकाकडे पळाला.

"मी एकटाच आहे," मी म्हणालो.

"मॅडम नाहीत?"

"नाहीत."

"त्या भोंग्यावर रागावत होत्या. सगळ्यांसमोर मला उभं करणार."

"नाही करणार. त्यांना काळजी वाटत होती, म्हणून आवाज तसा आला."

मग आतून आरोप केल्यासारखा प्रश्न आला, "लायब्ररी आजही बंद का होती?"

"मी वर होतो."

"वर काय करत होतात?"

"तुम्हा मुलांवर लक्ष ठेवत होतो," मी म्हणालो.

"पण मी तर खाली होते."

आत कागदाची पुडी कुरकुरली.

"मी तुमच्यासाठी लाडू आणलाय. देवाचा," ती म्हणाली. "म्हटलं, तातय्यांच्याच जवळ बसावं. तुमच्या डोक्यावर पण केस नाहीयेत ना. मग कुणी हसलं नसतं."

"अजूनही बसता येईल."

"पण तुमचं म्हातारपणाचं आहे. माझं नवसाचं आहे."

"तुझ्याकडून देवानं मागून घेतले. माझे न विचारताच नेले. तुझे निदान परत येतील."

आत काहीतरी हललं. हसली असावी, मला खात्री नाही. कडी निघाली.

ती दारात उभी राहिली, पांढऱ्या खेळाच्या कपड्यांत, चंदन लावलेल्या डोक्याला नाचाचं गंगावन बांधून. कागदी फुलांची ती लांबलचक वेणी तिच्या गुडघ्यांच्याही खाली लोंबत होती, आणि टोकाला घुंगरांचा गोंडा होता. तो वाजला होता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"टोपी वाऱ्यानं उडाली," ती म्हणाली. "आणायला जाणार होते, पण तिथे ती टाकी उघडी आहे. भीती वाटली."

मी तिचा हात धरला. तो सोडायला नको असं वाटत होतं.

फाटकापर्यंत जाईतो स्रवंती धावत आली आणि तिनं लेकीला गंगावनासकट उचलून घेतलं. माणसांचा घोळका हळूहळू सुटा होऊ लागला. जो तो दुसऱ्याकडे बघत होता आणि कामाची घाई असल्यासारखा वाहनाकडे वळत होता. पोलिसांची जीप रस्त्याच्या पलीकडे उभी होती, तिच्यात मागे कोमरय्या बसला होता, शर्टाची बाही खांद्यापासून निघालेली. फौजदारानं त्याला खाली उतरवलं. वेणुमाधव दोन पावलं त्याच्याकडे गेला, थांबला, आणि आपल्या गोट्यावरून हात फिरवत राहिला. मला त्याची ती अवस्था कळत होती, पण म्हणून मला त्याची दया आली असं नाही.

कोमरय्यानं लांबूनच लास्याकडे बघितलं. "आलीस का, अम्मा," एवढंच म्हणाला. ऑटोची पुढची काच फुटली होती. त्यानं सीटवरचे तुकडे हातानं झाडले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ऑटोत मुलं नव्हती. कुणी त्याला वाईट म्हणत नव्हतं. सगळे म्हणत होते, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आणि आपापलं मूल स्वतः आणून सोडत होते. मी वरून रोज बघायचो. रिकामा ऑटो चिंचेखाली यायचा, थोडा थांबायचा, जायचा.

एका दुपारी तो लायब्ररीत आला. चपला बाहेर काढून, पुस्तकांना धक्का लागू नये असा अंग चोरून उभा राहिला.

"सर, त्या दिवशी मी जे बोललो ते तुमच्या यंत्रात आहे म्हणतात. खरं?"

"आहे."

"मी सगळं सांगितलं होतं ना? टोपीचं?"

"सांगितलं होतं."

"मग ते पोरीच्या घरच्यांना ऐकवता येईल? मला माफी नको कुणाची. पण त्यांना वाटतं मी वाचलो तो नशिबानं. मी आधीपासून खरं बोलत होतो, एवढं त्यांच्या कानावर पडू दे. मग बाकीचेही ऐकतील." तो थांबला. "फक्त मी रडलो तेवढं काढता येत असेल तर काढा. पोरांना कळलं तर माझं टोपणनाव ठेवतील."

मी सुकन्या मॅडमकडे गेलो. त्यांच्या दारातून मी दोनदा मागे फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो. त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही, शाळेचं नाव खराब होईल, झालं गेलं विसरायचं असतं. मी नेहमीप्रमाणे मान डोलावली. पण उठलो नाही. नुसता बसून राहिलो. शेवटी त्यांनीच चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी एका जागी तासन्‌तास बसतो, असं तुम्हीच म्हणाला होता," मी म्हणालो. हे मी विनोदानं म्हणालो नव्हतो, पण त्या हसल्या. आणि मग म्हणाल्या, "फक्त आईवडील. तुमच्या समोर. आणि महिना झाला की ते पुसलं जाणार, लक्षात ठेवा."

वेणुमाधव आला नाही. कामावर आहेत, असं स्रवंती म्हणाली. मी हेडफोन तिच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. रडणं फणींद्रनं काढून टाकलं होतं. तिनं ते सगळं ऐकलं. कोमरय्याचं बोलणं ऐकलं, आणि किडे पडतील म्हणालेला स्वतःचा आवाजही ऐकला. हेडफोन काढून तिनं तो टेबलावर फार हलक्या हातानं ठेवला, जणू तो जागा होईल.

"मी तिथेच उभी होते," ती म्हणाली. "त्याच्यापासून एवढ्या अंतरावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्यासमोर होतो. कोमरय्याचा ऑटो चिंचेखाली न थांबता सरळ फाटकापाशी, कॅमेऱ्याच्या मध्यावर आला. आधी स्रवंती उतरली. सगळ्यांना दिसेल अशी, साडी नीटनेटकी, एका हातात लास्याचं दप्तर. मग लास्या. स्रवंतीनं वळून कोमरय्याला काहीतरी सांगितलं, बहुधा दुपारी न्यायला या असं असेल. तो सीटवरून उठून उभा राहिला होता. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. एकीनं जवळ जाऊन काही विचारलं.

लास्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. केस मखमलीसारखे वर आले होते. ती फाटकातून आत शिरली आणि तिच्याभोवती पांढरी चौकट उमटली. यंत्राला ती अजून ओळखता येत नव्हती.

माझं बोट हिरव्या बटणावर होतं. मी ते उचललं.

"फणींद्र, जरा बसता का इथे?"

"कुठे चाललात?"

"लायब्ररी उघडून येतो. आणि तिला नाव विचारून येतो."

"नाव? तिचं? तुम्हाला माहीत नाही होय?"

"तिच्या तोंडून ऐकतो एकदा," मी म्हणालो.

पण जिना उतरताना माझं लक्ष मागेच होतं. फणींद्र सुपारी शोधायला खाली वाकला असेल, आणि नेमक्या तेवढ्या वेळात वर आणखी कुणाभोवती चौकट उजळली असेल, तर? मी मधल्या पायरीवर थांबलो. खालून लास्या हाक मारत होती.